उशी, फुप्फुस आणि मधेच बंद पडणारा फोन

५ नोव्हेंबर, सकाळ
आजपासून रोजनिशी. सुनेने फोनमध्ये सोय करून दिली. मी बोलायचं, तो लिहितो. मला अक्षरओळख नाही, म्हणजे हे लिखाण माझ्यापासूनसुद्धा गुपित. याहून सुरक्षित जागा कुठली?
निश्चय: मला काही झालेलं नाही हे सिद्ध करणे. खोकला आहे, पण तो जुना, घरातलाच.
मुलगा म्हणतो, जिना चढताना थांबतेस. म्हटलं, खिडकीतून रस्ता बघते. म्हणाला, वरच्या वळणावर खिडकीच नाही, तिथे काय बघतेस? वकील व्हायला हवा होता.
बोलता बोलता फोन बंद पडला. स्वस्तातला घेतला असणार.

६ नोव्हेंबर
खाली आमचं गाद्या-उशांचं दुकान. मागे मशीनवर कापूस पिंजतात, पुढे खुर्चीवर मी. हे गेल्यापासून माझ्या हाताखालून गेल्याशिवाय एक उशी बाहेर पडलेली नाही. मुठीने दाबायची, हात काढायचा. फुगून वर आली की पास. जुनी उशी कोणी दाखवायला आणली तरी तोच नियम. नाही आली वर, तर कापूस मेला. फेकून द्या, असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगते.
आता मुलगा म्हणतो, खुर्ची सोड, कापसाची धूळ छातीत जाते. मोठं भांडण. शेवटी तह. छातीच्या डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या तर मी दुकानात, नाही म्हणाल्या तर वरच्या खोलीत. लगेच कबूल केलं. जन्मभर गिऱ्हाइकं वळवली, एक डॉक्टर काय चीज आहे.

९ नोव्हेंबर
डॉक्टरीणबाई गोड आहेत. चित्र दाखवलं. घशाखाली एक नळी, तिला फांद्या, फांद्यांना बारीक फांद्या, टोकाला द्राक्षांसारखे हवेचे घोस. तिथे रक्त येतं, चांगली हवा घेतं, वापरलेली परत करतं. म्हटलं, वापरलेला माल परत घेणारं दुकान पहिल्यांदा ऐकलं.
मग म्हणाल्या, फुप्फुस स्पंजासारखं असतं. मला राग आला. स्पंज म्हणजे समोरच्या फोमवाल्याचा माल! ठणकावून सांगितलं, माझं कापसाचं आहे. त्या हसल्या. मुलगा हसला नाही.
सिगारेट? कधीच नाही. फक्त कापूस ओढला.
त्यांचं म्हणणं, नळ्या सुजल्यात, घोसांचा ताण सैल पडलाय. हवा आत जाते, पुरती बाहेर येत नाही, मग ताज्या हवेला जागा कुठली? मी विचारलं, दमा का? म्हणाल्या, दम्यात नळ्या आवळतात आणि पुन्हा सुटतात. हे वेगळं आहे. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळायचं. पंप दिला. पुढच्या वेळी फुंकायची परीक्षा. तोवर खुर्चीचा निकाल राखून.
एकंदर चिन्हं चांगली.

१० नोव्हेंबर
उपाय सापडला. डॉक्टरांना नाही, मला. दडपलेल्या कापसाला काय करतात? ऊन दाखवतात आणि झोडतात. गच्चीत जाऊन बसले. पोचेपर्यंत ऊन निम्मं सरलं होतं, ती चूक उन्हाची.
सुनेला म्हटलं, पाठ झोड. नको म्हणाली. म्हटलं, एवढ्या वर्षांत मनात आलं असेल, आज सासू स्वतः परवानगी देतेय. हसता हसता दोन मऊ चापट्या मारल्या. वाया गेली संधी.

१२ नोव्हेंबर
पंप तोंडात मारते आणि झटकन गिळून टाकते, वाया नको. आज सुनेने पाहिलं. म्हणाली, अहो आई, औषध पोटात नाही, छातीत जायला हवं. आधी श्वास सोडा, मग पंप दाबता दाबता हळू आत ओढा, मग रोखून धरा.
रोखून धरा म्हणे. असता तर धरला असता.
फोनने हे वाक्य पुसावं.

१५ नोव्हेंबर
परीक्षेची तयारी म्हणून फुगा फुंकला. बोराएवढा झाला. रबर निबर आहे. हल्ली वस्तूच चांगल्या मिळत नाहीत.
फोन परत बंद. मुलाला सांगितलं, नवा आण.

१७ नोव्हेंबर
परीक्षा. नाकाला चिमटा, तोंडात नळी. मशीनवरची मुलगी ओरडत होती, फुंका, फुंका, अजून, अजून! लिलाव चालल्यासारखं. मी पहिल्या बोलीलाच संपले. पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा तेच. मशीन बिघडलं आहे असं सुचवलं. तिने कागद छापून मुलाच्या हातात दिला.
डॉक्टरीणबाईंसाठी भाषण पाठ करून नेलं होतं. सुरुवात केली, बाई, ती खुर्ची म्हणजे. आणि दम लागला. त्या थांबल्या. मुलगा थांबला. कोणी मध्ये बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.
मला दुकान बंद.

२० नोव्हेंबर
तह मी मोडला. मुलगा माल आणायला गेला तशी खाली उतरले. उतरणं अगदी सोपं, म्हणजे तब्येत सुधारतेय. खुर्चीत बसले, एक उशी दाबली. पास. मागे मशीन सुरू होतं. खोकला आला तो थांबेचना. डोळ्यांपुढे काळं.
कामगारांनी मशीन बंद केलं आणि खुर्चीसकट मला वर आणलं. खुर्चीचा एक पाय धरायला समोरचा फोमवाला धावला! वर म्हणाला, मावशी, किती हलक्या झालात हो. उत्तर तयार होतं, कापूस हलकाच असतो. श्वास पुरला नाही.
आता ते त्याला सांगायला कोण जाणार?

२५ नोव्हेंबर
खुर्ची वरच राहिली. मुलगा चिडला नाही, त्याचीच भीती वाटली. खोळ घातलेल्या तयार उशा वर पाठवतो, मी दाबून खाली देते. म्हणजे दुकान माझ्याकडे आलं. जिंकले.
सून शीळ घातल्यासारखे ओठ करून हळूहळू श्वास सोडायला शिकवते. बरं वाटतं. तिला सांगितलं नाही.

२ डिसेंबर, दुपार
आज मुलगा कुणाची तरी जुनी उशी घेऊन वर आला. दाबली.
हात काढला.
खड्डा तसाच.
वाट पाहिली. मुलगा माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला नियम पाठ आहे.
म्हटलं, सांग त्यांना, फेकू नका. ऊन दाखवा. जपून वापरली तर अजून जाईल.
तो खाली गेला. परत आला, उशी हातातच. म्हणाला, आई, त्यांनी समोरून फोमची घेतलीय. ही टाकायलाच आणली होती.
ठेवून घेतली. पाठीशी. टेकलं की
टेकून बसलं की श्वास बरा येतो.
फोन सारखा बंद पडतोय. सुनेला विचारलं. म्हणाली, बोलणारा मध्ये थांबला की तो आपोआप बंद होतो.
मुलाला म्हटलं, नवा आणू नकोस.
फोन चांगला आहे.