पोटाच्या झाकणाखालचा पुठ्ठा

मंगळवार, १० मार्च

मर्व्ह हॅस्लेटच्या शेडमध्ये आज इंजिनाचं दर्शन झालं. दर्शनच! बूट पुसून आत जायचं. बोअरचं पाणी उपसायचं एका सिलिंडरचं इंजिन, १९२६ सालचं. मर्व्ह आमच्या जुन्या इंजिनांच्या क्लबचा अध्यक्ष. म्हणतो, हा हिरवा रंग कारखान्यातला, शंभर वर्षांत कुणी ब्रश टेकवलेला नाही. रंगाला पोपडे सुटलेत, शेवाळ धरल्यासारखा दिसतो. तरी लोक त्याच्यासमोर आवाज खाली आणतात.

रविवारी मेळावा. हे ‘अस्पर्श’ गटात, म्हणजे मूळ रंगाला हात न लावलेल्या इंजिनांत, उभं राहणार; गेल्या वर्षीचा कप ह्याचाच — पण पोटाच्या झाकणातून तेल गळतंय. झाकण आणि इंजिन यांच्यामधलं गॅस्केट, म्हणजे तेल अडवणारा पुठ्ठा, कुजलं. ते काढायचं, नवं बसवायचं, रंगाचा टवका उडता कामा नये.

“जमलं तर सोमवारपासून माझ्या गॅरेजात शिकाऊ म्हणून ये,” मर्व्ह म्हणाला. “नाही जमलं तर रोअन टिबिट्स कोण, मी ओळखत नाही.”

दहावीत शाळा सोडली. धान्याच्या सायलोवरचं काम टिकलं नाही. आणि आईने बेकरीत सांगूनही टाकलं, पोरगा लागला म्हणून!

बुधवार, ११ मार्च

गॅस्केट सोडवायचं रसायन नको — ते रंगही सोडवतं. स्क्रूड्रायव्हर खुपसणं तर नकोच. झाकणाच्या कडेने कागदी चिकटपट्टी लावली. आधी पँटवर दोनदा चिकटवून तिचा जोर घालवला, नाहीतर तीच रंग उपटून आणायची.

बोल्ट निघाले, झाकण निघेना. मग दिसलं — रंगाचा पापुद्रा झाकणावरून गॅस्केटच्या कडेवर आणि तिथून इंजिनावर सलग गेलाय. ओढलं असतं तर तळहाताएवढा पोपडा! नव्या ब्लेडने सांध्यावर रेघ मारत बसलो.

मर्व्ह मागे भिंग घेऊन. ह्याच भिंगाने त्याने गेल्या वर्षी ब्रूनो झानेट्टीच्या इंजिनावर वाटाण्याएवढा नवा रंग शोधला, आणि बिचाऱ्याला गटातून काढलं.

“रेघ वाकडी जातेय तुझी.”

मग माझ्या मानेवर श्वास सोडू नका — हे मनात.

गुरुवार, १२ मार्च

झाकण निघालं! टवका नाही!

गॅस्केट मात्र इंजिनाला घट्ट चिकटलेलं. तुकडे तेलात पडू नयेत म्हणून आत चिंध्या कोंबल्या. आईचा केसांचा ड्रायर लांबून धरला, कोमट. मग आइस्क्रीमची काडी तासून हळूहळू. लोखंडाचं काहीही नाही. भुगा, कपटे, सगळं डब्यात, आणि डबा दुपारच्या कचरागाडीत.

शेवटचा तुकडा अख्खा सुटला. त्यावर कोंबड्याचं चित्र. कॉर्नफ्लेक्सचं खोकं कापून केलेलं गॅस्केट! खाली छापलंय — “रंगीत टीव्ही जिंका!”

शुक्रवार, १३ मार्च

खोक्याचं गॅस्केट हा गुन्हा नाही. इकडे निम्मी इंजिनं खोक्यांवरच चालतात. पण रंग! बुधवारी मी ज्या पापुद्र्यावर रेघ मारली तो ह्या खोक्याच्या कडेवर होता. म्हणजे आधी खोकं, मग रंग. आणि १९२६ साली कसला आलाय रंगीत टीव्ही! तो पवित्र रंग कुणीतरी टीव्हीवर क्रिकेट बघता बघता फासलाय.

आईला सांगितलं. “सोमवारी नोकरी लागू दे,” ती म्हणाली. “पुढच्या सोमवारी खरं बोल.”

ब्रूनोचा चेहरा डोळ्यांसमोर येत राहिला. शेवटी जाऊन मर्व्हच्या हातात तुकडा ठेवला. इंजिनाला नसेल, पण मर्व्हच्या तोंडाला ताजा रंग चढला.

“बाकीचं कुठाय?”

“कचऱ्यात. गाडी घेऊन गेली.”

त्याने तुकडा खिशात घातला. नोकरीबद्दल चकार शब्द नाही.

शनिवार, १४ मार्च

क्लबची तातडीची बैठक. वाटलं, आता कबुली. मर्व्ह उभा राहिला — छाती काढून!

“मित्रांनो, मोठा शोध लागलाय. रंगीत टीव्ही आला त्या काळचं, हाताने कापलेलं गॅस्केट!”

ग्लेनिस, चिटणीस, चष्म्यावरून बघत: “आणि रंग, मर्व्ह?”

“त्याच काळचा. पन्नास वर्षं झाली. पन्नास वर्षं म्हणजे वारसाच की!”

“म्हणजे गेल्या वर्षीचा कप परत करायचा नाही?”

“कप कशाला मध्ये आणतेस?”

ठराव झाला: रंगाला पन्नास वर्षं झाली की इंजिन अस्पर्श. ब्रूनो एवढा हसला की चहाबरोबरचा स्कोन केक घशात अडकला. “मग माझा ठिपका?”

“तो सहा वर्षांचा. चव्वेचाळीस वर्षांनी ये.”

विरोधात एकच हात — ब्रूनोचा. मी सभासद नाही, मला हात नाही.

रविवार, १५ मार्च

पहिला नंबर. नवं गॅस्केट मी काल रात्री बसवलं; तेलाचा थेंब नाही. इंजिनाशेजारी काचेच्या पेटीत तो तुकडा, खाली पाटी: “दुर्मिळ मूळ गॅस्केट. उरलेला भाग नष्ट केला — रोअन टिबिट्स.”

उद्या किती वाजता येऊ, म्हणून विचारलं.

“वारसा कचऱ्यात टाकणाऱ्याच्या हातात मी पाना देऊ?” मर्व्ह म्हणाला. रंग मात्र छान सांभाळलास, म्हणाला.