बुधवारची पन्नास मिनिटं

प्रिय दादा,

"तू आहेस ना घरी, मग मला घोर नाही." हे वाक्य तुला आठवत असेल असं वाटत नाही. नऊ वर्षं झाली. तू जिन्यात उभा होतास. एका हातात मोठी बॅग, दुसऱ्या हातात वहिनीची पर्स, कारण ती लेकीला घेऊन खाली गाडीत बसली होती आणि पर्स वरच विसरली होती. गाडीवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. तू दोन पायऱ्या उतरलास, थांबलास, वळून हे म्हणालास आणि धडधडत खाली गेलास. मला किती बरं वाटलं होतं म्हणून सांगू! लहानपणी सगळ्या पोरांसमोर तू तुझी सायकल मला धरायला द्यायचास, तेव्हा वाटायचं तसं. हल्ली मात्र ते वाक्य दाराला लावलेल्या कडीसारखं वाटतं, आणि कडी बाहेरच्या बाजूला आहे.

दर रविवारी आपण बोलतो, मग हिला पत्राचं काय सुचलं, असं तुला वाटेल. अरे, फोन आईच्या उशाशी असतो. टेलिफोन एक्स्चेंजमधली तिची बत्तीस वर्षं अजून संपलेली नाहीत. घरातला प्रत्येक फोन आपणच जोडून देतो अशी तिची समजूत आहे. स्पीकर चालू ठेवायचा, मधे मधे "बोला, बोला, लाईनवर राहा" म्हणायचं, आणि लहर आली की "तुमची तीन मिनिटं झाली" म्हणून बटण दाबायचं. तू तिकडे हसतोस, मीही इकडे हसते. त्या हसण्यात तुझ्या लेकीची परीक्षा येते, वहिनीचा गुडघा येतो, आईचं ब्लडप्रेशर येतं, आणि रविवार संपतो. गेल्या चार वर्षांत मी तुझ्याशी आईला ऐकू जाणार नाही असं एक वाक्यही बोललेले नाही.

चार वर्षांपूर्वी आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा तू आला होतास. ती आठ दिवसांत वॉकर धरून उभी राहिली आणि डॉक्टर म्हणाले, आजी जिद्दी आहेत. त्यानंतरचं तू पाहिलेलं नाहीस. मी खुर्चीतून नुसती हलले तरी ती विचारते, "कुठे चाललीस?" स्वयंपाकघरात. "किती वेळ?" आंघोळीला गेले तर आतून बोलत राहावं लागतं. आवाज थांबला की ती दारावर वॉकर आपटते. रोज नवीन काय बोलणार? म्हणून मी माझा पीएच.डी.चा प्रबंधच म्हणून दाखवते. लोकांनी मैदानांतून, गवतातून चालून चालून पाडलेल्या पायवाटा, त्या कुठे जातात आणि आखलेले रस्ते सोडून लोक तिथूनच का चालतात, हे सगळं मी डोक्यावर पाणी ओतत सांगते. पहिलं प्रकरण आईला माझ्या सरांपेक्षा जास्त पाठ झालं असेल. एकदा बाहेरून म्हणाली, "हे मागच्या वेळी सांगितलं होतंस. पुढे जा की." मला हसू आलं, आणि मग तोंडावर साबण असताना रडताही येतं, हे कळलं.

प्रबंध पुरा करायला विद्यापीठाने मुदत वाढवून दिली ती तुझ्यामुळे. अर्जामागे तू लागलास, आणि बुधवारी दोन ते पाच आईजवळ बसायला मदतनीस बाई शोधल्यास त्याही तूच, तिकडून फोन करून करून. "प्रबंध होईपर्यंत काहीही अडू द्यायचं नाही," म्हणालास. उपकार म्हणून नाही लिहीत, पण ते मी विसरलेले नाही.

त्या तीन तासांत मी कुठे जाते हे तुला नीट सांगितलंच नव्हतं. ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर लेखन केंद्र आहे. काचेच्या भिंतीमागे चार टेबलं, प्रत्येक टेबलाला दोन खुर्च्या, भिंतीवर घड्याळ आणि कोपऱ्यात कागदी रुमालांचं खोकं. निबंध, प्रबंध, अर्ज, काहीही लिहून न्यायचं. पन्नास मिनिटं कोणीतरी तुमच्याबरोबर बसतं. पहिल्या दिवशी नोंदणीच्या खिडकीतल्या मुलीने मला विचारलं, "मुलीसाठी वेळ हवी आहे का, काकू?" मी म्हटलं, नाही गं, काकूसाठीच.

मला ज्या बाई मिळाल्या त्या साठीच्या पुढच्या. आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली आणि निवृत्त झाल्यावर इथे आल्या. कानावर सदा पेन्सिल, म्हणून मुली त्यांना पेन्सिलबाई म्हणतात. गंमत म्हणजे ती पेन्सिल तुमच्या कागदाला कधी लागत नाही. केंद्राचा नियमच तसा आहे. लिहिणाऱ्याने मोठ्याने वाचायचं, त्यांनी ऐकायचं, प्रश्न विचारायचा आणि दुरुस्ती लिहिणाऱ्यानेच करायची. पहिल्याच बुधवारी मी कागद त्यांच्याकडे सरकवला आणि म्हटलं, तुम्हीच जरा बघून नीट करा ना. त्यांनी एका बोटाने तो परत माझ्याकडे सरकवला. "मी नीट केलं तर ते माझं होईल. वाचा."

मला तेव्हा आपला कुत्रा आठवला. माझे शाळेतले सगळे निबंध तूच लिहून द्यायचास, नाही का? मी तुझी शेपूट, तू जाशील तिथे मागे मागे आणि तू लिहिशील ते माझं. 'माझा आवडता प्राणी' मध्ये तू आपल्या घरी एक लंगडा कुत्रा आणून बसवलास, आणि तो इतका खरा उतरला की बाई संध्याकाळी त्याला बघायलाच घरी आल्या. आईने तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एक्स्चेंजच्या आवाजात म्हणाली, "सध्या तो उपलब्ध नाही." पाठीत धपाटे आपल्याला बाई गेल्यावर मिळाले. मला वाटतं, माझ्या मनातलं मी कधी लिहिलंच नाही, त्याची सुरुवात तिथली आहे. तुझा दोष नाही. तू लिहायचास आणि मला ते सोयीचं होतं.

तर ती पन्नास मिनिटं. दादा, पन्नास मिनिटं कोणी मला "कुठे चाललीस?" असं विचारत नव्हतं. "या वाक्यातून तुम्हाला कुठे जायचंय?" असं मात्र पेन्सिलबाई विचारायच्या. दोन्ही प्रश्न सारखेच दिसतात, पण पहिल्याने मी जागेवर बसते आणि दुसऱ्याने उठते. दहा-बारा आठवड्यांत चौथं प्रकरण, जे नऊ वर्षं अडलं होतं, ते सुटलं. मी पायऱ्या उतरताना गुणगुणत होते. घरी आले तर तुझा फोन. "काय, झालं का लिखाण? मग मदतनीस बाईंना महिनाअखेरीस मोकळं करू या का?" तू सहज विचारलंस. मी म्हटलं, अजून थोडं राहिलंय.

मग मी ते राहील असं बघायला लागले. मंगळवारी आई दुपारची झोपली की मी बसून नीट झालेली पानं विस्कटायची. सुरुवातीला आणलेला परिच्छेद पुन्हा मधे न्यायचा, कापलेलं पाल्हाळ परत घालायचं. बुधवारी जाऊन तेच दुरुस्त करायचं. असे पाच बुधवार मी मिळवले. प्रत्येक बैठकीनंतर पेन्सिलबाई वहीत दोन ओळींची नोंद करतात आणि आपण सही करतो. एके दिवशी त्यांनी ती वही माझ्यासमोर उघडून ठेवली. म्हणाल्या, "हा परिच्छेद तीनदा पुढे आला आणि तीनदा मागे गेला. चुका करणारी माणसं मी जन्मभर बघितली. पण दुरुस्त केलेलं कोणी इतक्या निगुतीने बिघडवत नाही." मी घड्याळाकडे बघत बसले. त्या रागावल्या नाहीत. "मुदत महिनाअखेरीस संपते ना? तीन बुधवार आहेत," एवढंच म्हणाल्या.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. त्या तीनातल्या पहिल्या बुधवारी मदतनीस बाई आल्या नाहीत. त्यांची मुलगी आजारी पडली होती, तसं त्यांनी कळवलंही होतं. पण सकाळी फोन आईने उचलला आणि "जोडून देते" म्हणून ठेवून दिला. मी दोनला चपला घालून उभी. सव्वादोन. आई झोपली होती. तीनची माझी वेळ होती. मी कागद पिशवीत घातले, बाहेर पडले, दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि गेले.

धावत गेले नाही, दादा. धावत परतही आले नाही. पूर्ण पन्नास मिनिटं बसले, वाचलं, एक शब्द ऐकू आला नाही तरी वाचत राहिले. मग परतताना मैदानातल्या लांबच्या पायवाटेने आले. कुलूप काढून दार ढकललं तर ते फटीपुरतंच उघडलं, कारण आई आत दाराला टेकून जमिनीवर बसली होती. फोनची वायर ताणून दारापर्यंत आणलेली, रिसीव्हर मांडीवर, साडी ओली. वॉकर खोलीतच राहिला होता. ती इथवर कशी आली कोण जाणे. फटीतून तिने माझ्याकडे वर बघितलं आणि अगदी अदबीने म्हणाली, "अहो बाई, जरा मदत करता का? माझी मुलगी आत कोंडली गेलीय. मी केव्हाची कोणाला तरी लावून बघतेय."

तिला कुठे लागलं नव्हतं. आंघोळ घातली, खाऊ घातलं, रविवारी तू विचारलंस तेव्हा म्हटलं, सगळं ठीक.

दुसऱ्या बुधवारी हे मी पेन्सिलबाईंना सांगितलं. तोवर मदतनीस बाई परत आल्या होत्या. पेन्सिलबाईंनी नोंदवही मिटून ठेवली. मग म्हणाल्या, "प्रबंध झालाय. तो आज देऊन टाका. पुढच्या खेपेला तुमचं न झालेलं लिखाण आणा." आज तिसरा आणि शेवटचा बुधवार. ते न झालेलं लिखाण म्हणजे हे पत्र. मी आणलेल्या खर्ड्यात हवापाणी होतं, वहिनीचा गुडघा होता, कुत्राही होता. दार नव्हतं. मी मोठ्याने वाचलं. त्यांनी विचारलं, "हे वाचून झाल्यावर तुमचे दादा काय करतील?" मी म्हटलं, घडी घालून ठेवतील. "मग घडीसाठीच लिहिलंय," म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच कानावरची पेन्सिल काढून माझ्यासमोर ठेवली. "मागणं कुठे आहे?"

ते इथे आहे. आजच्या पन्नासातली अजून बारा मिनिटं आहेत. प्रबंध गेल्या बुधवारी दिला, त्यामुळे पुढच्या बुधवारी मला घराबाहेर पडायला कारण नाही. तू म्हणशील, रोजच्या बाई ठेवू या, आणि ठेवशीलही. त्यांना मी हो म्हणेन. पण मी ते मागत नाही. तू ये. आठ दिवसांसाठी नाही, तीन महिन्यांसाठी ये. आईजवळच्या खुर्चीत तू बस, आंघोळ करताना आतून तू बोल. तुझी नोकरी, लेकीची शाळा, वहिनीचं ऑपरेशन, सगळं मला माहीत आहे. तुझं उत्तरही माहीत आहे, तू ते किती हळुवारपणे देशील हेसुद्धा. तरी मागते. तू ये, आणि मी निघाले की मला जिन्यापर्यंत सोडायला ये. दोन पायऱ्या उतरून, वळून, एकदा मला म्हणू दे, तू आहेस ना घरी, मग मला घोर नाही.

तुझीच,
शेपूट