आला का मेसेज?

माजिवडा, ठाणे
७ जुलै २०२५

प्रिय ताईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

फोन उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंयस, म्हणून पोस्टात टाकतोय. निदान अक्षर बघून तरी हसशील. अजून तसंच आहे, कोंबडीचे पाय.

तुला काढल्यापासून ऑफिसात चहाला एकटाच जातो. खरं सांगतो, ते असं करतील वाटलं नव्हतं. दवाखान्याच्या अपॉइंटमेंटची ती वेबसाइट रोज हाताने तपासून तू वैतागायचीस. म्हणून म्हटलेलं, काय काय तपासतेस ते सांग, मी फाइलमध्ये ओळीओळीने लिहितो. पान उघड, नाव भर, बटण दाब, मेसेज गेला का बघ. फाइल वाचून मशीन सगळं करेल, तुझं ओझं कमी होईल. एवढंच होतं मनात.

एक विचारायचंय. त्या फाइलमध्ये पेशंट म्हणून आईचं नाव नि नंबर तसाच आहे, तू सांगितलेलास तो. त्यामुळे मशीन रोज सकाळी तिला मेसेज पाठवतं, अपॉइंटमेंट पक्की म्हणून. काढू का?

भाऊजींना जयभीम. राग ठेव, पण बाजूला थोडी मायाही राहू दे.

तुझा
रत्नदीप

डोंबिवली
१२ जुलै २०२५

रत्नदीपला जयभीम.

ओझं कमी करायचं होतं म्हणे. त्या मीटिंगमध्ये तू होतास. माझी जागा जाणार हे तिथे ठरलं, आणि त्याच दुपारी खुर्ची ओढून शेजारी बसलास, ताई, पुढे काय तपासतेस? मी आपली शहाणी, सांगत गेले. नाव रिकामं ठेवलं तर काय, आडनाव नसलं तर काय. लहानपणी तुला घास भरवायचे, तसंच भरवलं बघ. टीमचा लीड झालास ना? अभिनंदन.

नंबर काढू नकोस. आईला मी काही सांगितलेलं नाही. अख्ख्या चाळीत ती सांगत फिरते, माझी दर्शना वेबसाइट तपासते. मेसेज आला की तिला वाटतं, पोरगी कामावर पोचली. आणि माझी नोकरी कुणामुळे गेली हे कळलं, तर ती तुला दारात उभं करणार नाही. तुझी लाज मी झाकतेय, लक्षात ठेव. उत्तर पाठवू नकोस.

सख्खीच बहीण,
दर्शना

कल्याण
२१ जुलै २०२५

चि. रत्नदीपला आईचा आशीर्वाद.

फोनवर रडू येईल म्हणून लिहितेय. गुरुवारी न सांगता दर्शनाकडे गेले. कामाचा वार, भर दुपार, आणि ती घरात मेथी निवडत बसलेली. मग सगळं बाहेर आलं, तुझंही. तरी ती तुलाच सावरून घेत होती.

मी तिला म्हटलं, नोकरी गेल्याचं मला केव्हाच कळलंय. पूर्वी मेसेज वाजला की मागोमाग तिचा फोन यायचा, आई, आला का मेसेज? आला म्हटलं की, गोळी घेतलीस का, काय खाल्लंस. मग मेसेज येत राहिला आणि तो फोन बंद झाला. आपणहून सांगेल म्हणून मी गप्प बसले. तिने तुला सगळं सांगितलं, हा फोन तेवढा सांगायचा राहिला वाटतं.

माझा नंबर काढून टाक. मेसेज वाजला की मी अजून फोन हातात घेऊन बसते.

तब्येतीला जप. इतक्यात इकडे येऊ नकोस. बोलवावंसं वाटलं तर कळवीन.

तुझी आई,
रंभा