समासात लिहिलेलं भांडण

प्रिय ताई,

मी मजेत आहे, वेळेवर जेवतो, आईला सांग. वाचनालयात काम मिळालंय. इथल्या बायकांच्या वाचनमंडळाचं एकुलतं एक पुस्तक मी घरोघर फिरवतो. प्रत्येकजणी समासात पेन्सिलीने मत लिहिते.

शिंपीणकाकूंच्या मुलीने लिहिलं, "नायक भित्रा आहे." माझं डोकंच फिरलं. मी खाली लिहिलं, "आधी प्रेमात पडून बघ."

पुढचं घर अध्यक्षबाईंचं. म्हणाल्या, "अक्षर तुझंच ना? रविवारी मंडळाच्या सहलीला ये आणि तिच्याशी समोरासमोर भांड. पण पुस्तक पुरं वाचून."

ताई, मी तर फक्त तिचे शेरे वाचायचो गं. आता नव्वद पानं झालीत आणि त्या भित्र्याचं पुढे काय होतं, हे कळल्याशिवाय मला चैन नाही.

बाबांचा राग निवळला का? कॉलेज सोडलेला पोरगा वाचत बसतो, एवढंच त्यांना सांग. कशासाठी, ते नको.

तुझा भांडकुदळ भाऊ