दोनच ठोके राहिलेत

सोमवार, ३ मार्च

काल पोचले बाई एकदाची कोनोंगोला. ट्रो-ट्रो गाडीत माझ्या मांडीवर दुसऱ्याची कोंबडी आणि टपावर माझं उखळ. ड्रायव्हर म्हणतो कसा, आजी, हे सामान आहे की प्रेत? चौघांना उचलत नाही! मी म्हटलं, तुझ्या गाडीपेक्षा जुनं आहे आणि अजून चालतं. सगळी गाडी हसली.

मुलाचं नवं घर छान आहे. तीन खोल्या, पत्रा कोरा करकरीत, अंगणात आंब्याचं रोप. क्वाबेना कोकोच्या गोदामावर कामाला असतो, शनिवारी रात्री येतो आणि सोमवारी पहाटे जातो. जाताना ही वही देऊन गेला. अक्षरांची आणि माझी कधी ओळख झाली नाही, म्हणून मी बोलायचं आणि सूनबाईनं, डुफीनं, लिहायचं. तिला सातवा महिना आहे. नातवंड मोठं झालं की आजीच्या गोष्टी वाचील म्हणे.

डुफीला बजावलंय, बोलेन ते सगळं लिहायचं. मधे हसलीस तर तेही लिहायचं. हसली.

मंगळवार, ४ मार्च

गल्लीच्या तोंडाशी फुफूचं यंत्र आहे. या टोकाला उकडलेला कसाव्याचा कंद टाकायचा, त्या टोकाला जेवायचा लगदा. सगळी गल्ली तिथं रांग लावते. मी चाखून बघितलं. भिंतीला लावायला बरं आहे.

म्हणून माझं उखळ काढलं. डुफी म्हणाली, आई, मला उखळातला गोळा परतायची सवय नाही, हाताची भीती वाटते. मी म्हटलं, उखळात डोकं घातल्यावर मुसळाला काय भ्यायचं? आणि तुला तर नुसता हात घालायचाय.

तशी शिकली भराभर. ती चौरंगावर बसलेली, मी मुसळ घेऊन उभी. मुसळ वर गेलं की तिचा ओला हात आत, गोळा उलटून लगेच बाहेर. बाहेर आला की माझा ठोका. वेग ठरवते ती कांडणारी, पण हात असतो परतणारीचा. म्हणून परतणारी थांब म्हणाली की थांबायचं. आमच्याकडे हे पोरींना बोलण्याआधी कळतं.

तिनं विचारलं, गावाला तुमच्यासमोर कोण बसायचं? मी म्हटलं, कोणी नाही. छप्पन वर्षं मी एकटीच कांडते, एका हातानं मुसळ, एका हातानं परतणं. बायका म्हणायच्या, अफुआ तिवाला फार गर्व. म्हणू दे.

जेवण झाल्यावर छातीत जरा धडधडलं. वय झालं, दुसरं काय.

गुरुवार, ६ मार्च

स्वातंत्र्यदिन. शाळेतली पोरं हात झुलवत गेली. एकाचा बूट मागेच राहिला, तरी तो तसाच चालला, छाती पुढे काढून. फार हसलो.

चार वाजता पुन्हा धडधड. आज उखळाला हातही लावला नव्हता, बसून शेंगा सोलत होते. एकदम छातीत कोणीतरी कांडायला लागलं. घाम, हाताला मुंग्या, जीव जातो की काय असं. डुफीनं मनगट धरून मोजलं. मिनिटाला एकशे चाळीस. पाव तासानं आपोआप थांबलं. थांबलं तेसुद्धा एकदम, जसं मुसळ बाजूला ठेवावं.

शुक्रवार, ७ मार्च

डुफीनं दवाखान्यात नेलं. तिथं काळजाची रेघ कागदावर काढतात. माझी रेघ बघून नर्स डॉरकस म्हणाली, आजी, आत्ता तर काळीज तरुण मुलीसारखं चाललंय. मी म्हटलं, मग नवरा बघ एखादा.

रक्तही तपासलं, ठीक आहे. ती म्हणाली, कदाचित मनातल्या धास्तीनं होत असेल. झालं की बसायचं, चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, तोंडावर गार पाणी. छातीत दुखलं किंवा घेरी आली तर धावत यायचं. आणि वही ठेवायची : कधी झालं, काय करत होते, किती ठोके. म्हणजे नातवंडाची वही गेली काळजाच्या सेवेला.

घरात आणखी कोणाला असं होत होतं का, असंही विचारलं. मी नाही म्हटलं.

हे कशाला लिहिलंस, डुफी? बरं, राहू दे.

रविवार, ९ मार्च

श्वासाचा उपाय लागू पडतोय. काल चार वाजता आलं आणि दहा श्वासांत गेलं. नर्स हुशार आहे.

आज क्वाबेना घरी, म्हणून चर्चहून आल्यावर फुफू. तो शेंगदाण्याचा रस्सा ढवळत होता आणि मला चिडवत होता की आई, तुझा ठोका ऐकून शेजारी घर सोडतील. मी कांडत होते, डुफी परतत होती.

एक गोष्ट झाली. डुफीचा हात बाहेर आला, मुसळ अजून वर होतं, आणि गोळा आणखी एकदा उलटला. त्यावर चार बोटांचे वळ. बारीक बोटांचे. डुफीची बोटं गरोदरपणानं सुजलेली आहेत.

उन्हानं डोळे दिपले असतील. त्यांना सांगितलं नाही. आता सांगितलं, कारण डुफी म्हणाली, आई, मीही पाहिलं.

मंगळवार, ११ मार्च

मीच म्हटलं होतं, आता यंत्राचंच आणू. डुफी ऐकेना. म्हणाली, तुमची धास्ती जायची तर तिच्यासमोर बसायला हवं. शिकलेल्या पोरी!

चार वाजता कांडायला घेतलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, आई, छातीत धडधडतंय, थांबा ना.

आणि मी हसले. तोंडातून निघालं, कामाच्या वेळीच बरं धडधडतं तुझं! झालंच, दोनच ठोके राहिलेत.

हे मी आज बोलले नाही. हे मी पूर्वी बोलले होते. तेच, तसंच निघालं. आणि हात थांबेनात. मी त्यांना थांबवत होते आणि ते वेग वाढवत होते. डुफी चौरंगावरून कलंडली तेव्हा मुसळ हातातून पडलं.

ती बरी आहे. पाणी प्यायली. पोटात बाळ हलतंय. तिची नाडी मी धरली. मला घड्याळावर मोजता येत नाही, पण तो वेग मला माहीत आहे.

बुधवार, १२ मार्च

नर्सला खोटं सांगितलं. होतं एकीला.

माझी पाठची बहीण, बिरागो. मी सोळाची, ती चौदाची. याच उखळापाशी ती परतायला बसायची. मधेच छातीवर हात ठेवायची, अक्का, धडधडतंय, थांब ना. आईला वाटायचं कामचुकार आहे. मला तर नक्की तसंच वाटायचं. मी तिला चिडवायची. थांब म्हणाली की मुद्दाम वेग वाढवायची. मजा म्हणून. ती घाबरून भराभर हात चालवायची आणि मी हसायची. तीही हसायची आधी-आधी.

त्या दिवशी, चारच्या सुमाराला, तीनदा म्हणाली. तिसऱ्यांदा मी म्हटलं, दोनच ठोके राहिलेत.

गावात सगळ्यांना माहीत आहे की बिरागो ओढ्याच्या वाटेवर मेली. उखळापाशी कोणी मेलं तर ते उखळ फोडून जाळतात. हे कोणी फोडलं नाही. का फोडतील?

डुफीनं पान उलटलं. ती म्हणते, थांबू नका.

शुक्रवार, १४ मार्च

सुताराला बोलावून उखळ फोडलं. अंगणातच जाळलं. लाकूड ओलं नव्हतं, तरी शेवटपर्यंत सूं सूं करत होतं. सुतार म्हणाला, आजी, एवढं चांगलं उखळ! मी म्हटलं, चांगलं होतं हेच वाईट.

चार वाजता माझ्या छातीत काही नाही. एकदम शांत. मला किती हलकं वाटलं— लाज वाटते सांगायला.

मग डुफीनं माझा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला.

तिथं होतं.

शनिवार, १५ मार्च

दवाखाना. डुफीची रेघ काढली. नर्स डॉरकस या वेळी हसली नाही. सोमवारी कुमासीच्या मोठ्या डॉक्टरकडे. तोवर आराम, श्वास, गार पाणी.

श्वास मीच मोजते तिच्यासाठी. एक, दोन, तीन, चार— चारवर अंगणातून ठोका येतो. तिथं नुसती राख आहे.

मी मोजायचं सोडलं.

रविवार, १६ मार्च

क्वाबेना गाडी बघायला गेलाय. सोमवारची वाट नाही बघायची, आजच न्यायचं.

तो येईपर्यंत मला उरलेलं सांगायचंय. बिरागोचं पुरतं खरं कोणी कधी सांगितलं नाही, म्हणून ती बसून आहे. आपला हात माझ्या डुफीच्या हातात घालून. सगळं बोलून टाकलं की उठेल. लिही, डुफी. जमेल तेवढं.

ती कलंडली. मी मुसळ लपवलं. तिला पाठीवर घेतलं, ओढ्याच्या वाटेवर नेऊन ठेवलं, घडा फोडून बाजूला टाकला. सगळ्यांना वाटलं पाणी आणताना—

डुफी म्हणते, आई, धडधडतंय.

थोडंच आहे. परत आले, उखळ धुतलं. फुफू वाढलं. सगळे जेवले. मीही जेवले.

पाठीवर घेतली होती ना तेव्हा, माझ्या पाठीला लागत होतं— तिचं काळीज. चालू होतं. वेगात. मी तिला जिवंतच तिथं टाकून आले.

डुफी म्हणते, थांबा ना.

किती भराभर लिहितेस. मी एवढं भराभर बोलत नाहीये. हात बघ तुझा, आत बाहेर, आत बाहेर— बोटं किती बारीक झालीत—

झालंच गं, दोनच ओळी राहिल्यात, तिची माफी तेवढी—

काय बोलले मी?

मी बोलते, तू हात चालवतेस. मीच कांडतेय. अजून मीच—

तिसऱ्यांदा म्हणाली, थांब ना. अक्का म्हणाली. डुफी मला अक्का म्हणत नाही.

ऐकलं, बिरागो. माफी राहू दे. हे बघ, या वेळी मी थां