माटोळीतले कवंडळ आणि बंद पडलेला वाचनाचा तास

प्रति,
मा. भागशिक्षणाधिकारी,
तालुका शिक्षण कार्यालय.

अर्जदार : श्रीमती सुमंगला कृष्णनाथ गावस, वय ७१, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, रा. खोलपेवाडा, लाटंबार्सेनजीक, गोवा.

विषय : खोलपेवाडा येथील सरकारी प्राथमिक विद्यालयात मला घातलेली प्रवेशबंदी व 'अध्यापनविषयक संपर्कबंदी' उठवून इयत्ता तिसरीतील कु. पूनम हिचा वाचनाचा तास पुन्हा सुरू करू देण्याबाबत.

संदर्भ : (१) आपल्या कार्यालयाचा दि. ३ सप्टेंबर २०२५ चा आदेश. (२) माझे याच विषयावरील चार अर्ज. (३) त्यांना आलेली उत्तरे : नाहीत.

महोदय,

हा माझा पाचवा अर्ज आहे. आधीचे चार एकेका पानाचे होते. लहान कागद फाइलीत दिसत नाहीत असे आपल्या कार्यालयात मला सांगण्यात आले, म्हणून हा मोठा लिहीत आहे.

१. मी याच विद्यालयात एकोणतीस वर्षे शिकवले. निवृत्तीनंतर मुख्याध्यापिका समीक्षा बाईंच्या लेखी विनंतीवरून, विनामोबदला, सोमवार ते गुरुवार अकरा ते पावणेबारा या वेळेत वाचनात मागे पडलेल्या मुलांना शाळेच्या ओसरीवर बसवून वाचायला शिकवत होते. गेल्या जूनमध्ये पूनम माझ्याकडे आली. तिचे वडील दादू गवंडीकाम करतात. आई भागीरथी त्यांच्याबरोबर माती-वाळू वाहते. दोघे बेळगाव जिल्ह्यातले. एक बांधकाम संपले की दुसऱ्यावर, असे करता करता पूनमच्या तीन शाळा झाल्या आणि तिसरीत आली तरी तिला 'घ' आणि 'ध' वेगळे दिसत नव्हते. पुस्तक पाठ म्हणून ती वाचल्याचा आव आणत असे. हे मला दुसऱ्याच दिवशी कळले, कारण पुस्तक तिने उलटे धरले होते. अडीच महिन्यांत ती जोडाक्षरांपर्यंत पोचली. 'वाघ' हा शब्द पाठीवर पाणी पडल्यासारखी दचकून तिने पहिल्यांदा आपणहून वाचला, तो दिवस माझ्या नोंदवहीत आहे.

२. त्याच जूनमध्ये आमच्या विद्यालयात 'कला, माध्यम व मँडरिन' हा कार्यक्रम सुरू झाला. तो एक खाजगी संस्था राबवते. पटसंख्या कमी असलेल्या शाळा अशा कार्यक्रमांमुळे टिकतात असे पालकांना सांगण्यात आले आणि वाड्यावर सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझा त्या भाषेला विरोध आहे असे माझ्याविरुद्धच्या चौकशीच्या कागदात लिहिले आहे, ते खोटे आहे. ती शिकवणाऱ्या सेजल मॅडम पडद्यावरून दिसत; मी मुलांच्या मागे भिंतीला टेकून बसत असे आणि दहापर्यंत आकडे, नमस्कार व चार वाक्ये शिकले. शब्दाचा सूर बदलला की अर्थ बदलतो हे शिगम्यात गाणाऱ्या आमच्या मुलांना एका दिवसात जमले. मला अजून जमत नाही. पसरकार (दुकानदार) शंभू मला रस्त्यात अडवून म्हणाला, "टीचर, तुका चिनी येता मूं आतां? मागीर म्हजो मोबायल नीट कर पळयां, तो चीनचोच." मुले हसली, मी हसले. इथपर्यंत सगळे ठीक चालले होते.

३. आपण अलीकडेच या तालुक्यात आलात असे ऐकते, म्हणून पुढील गोष्ट सविस्तर लिहिते. चतुर्थीला आमच्या घरोघरी गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, तिला माटोळी म्हणतात. पावसात रानात, पोफळीच्या कुळागरात जे जे पिकते, फुलते, ते तिला बांधतात : सुपारीचे घोस, तोरिंग, चिबूड, कांगले, घागऱ्या, आंब्याचे टहाळे. त्यातच कवंडळ असते. ते वेलीवर लागते, लिंबाएवढे, तांबडेलाल, पिवळ्या रेघांचे. सगळ्या माटोळीत तेच आधी डोळ्यात भरते. ते विषारी आहे. देवाला ते बघायला वाहतात. खात कोणी नाही.

४. ऑगस्टमध्ये कला-तासासाठी 'स्थानिक हस्तकला' हा विषय आला आणि संस्थेचे प्रशिक्षक श्री. तुषार यांनी मला माटोळी बांधून दाखवण्याची विनंती केली. हा तरुण वाईट नाही, हे मी इथेच लिहून ठेवते. पुण्याहून येतो, मुलांना खाऊ आणतो, घाईत असतो. आम्ही दोन दिवस मुलांना रानाच्या कडेने फिरवले. चौथीच्या साईशने मला ठाऊक नसलेल्या दोन वेलींची नावे सांगितली. बावीस वस्तू जमल्या. मुलांनी प्रत्येकीची चिठ्ठी मराठीत लिहिली. दुसऱ्या दिवशी त्या चिठ्ठ्या काढून मँडरिनमध्ये लिहायच्या ठरल्या, पण पाठाच्या यादीत तोरिंग, कांगले, कवंडळ यांना शब्द नव्हते. म्हणून केळी आणि नारळ सोडून बाकी सर्वांवर एकच चिठ्ठी लागली. तिचा अर्थ 'फळ'. ज्या मुलांना बावीस नावे येत होती त्यांना संध्याकाळपर्यंत तीन येऊ लागली, आणि त्या प्रगतीची नोंद तक्त्यावर झाली.

५. दि. २१ ऑगस्ट रोजी माध्यम-तासाचे चित्रण होते. प्रत्येक मुलाने माटोळीतील एक फळ हातात घ्यायचे, कॅमेऱ्याकडे बघून 'वो छ श्वेइग्वो', म्हणजे 'मी फळ खातो', हे वाक्य म्हणायचे आणि फळ चावायचे. मला हे ठाऊक नव्हते. मी सुंभ आणायला घरी गेले होते. उंच मुलांनी केळी घेतली, चिबडाच्या फोडी घेतल्या. पहिलीतल्या गौरेशने सुपारी तोंडाजवळ नेऊन नुसते चावल्यासारखे केले, कारण त्याला माहीत होते. पूनम सर्वांत शेवटी. ती माझी विद्यार्थिनी, सांगितलेले ऐकणारी. श्री. तुषार म्हणाले, "ते लाल घे ना, कॅमेऱ्यात मस्त दिसतंय." साईश मागून ओरडला, "तें खावंक जायना गो!" त्याला, रेकॉर्डिंग चालू आहे, बोलायचे नाही, असे सांगून गप्प केले. पूनमने वाक्य बिनचूक म्हटले आणि कवंडळ चावले. तिचे तोंड वाकडे झाले. "एक्स्प्रेशन भारी, परत एकदा," असे तिला सांगण्यात आले. तिने परत एकदा चावले.

मी सुंभ घेऊन परत आले तेव्हा ती पायरीवर ओकत होती.

६. दोन दिवस ती सरकारी इस्पितळात होती. जीव वाचला. तिची आई रात्रंदिवस खाटेजवळ उभी होती. बसा म्हटले तरी बसली नाही.

७. आता माझी चूक. ती चार अर्जांत लिहिली नव्हती, कारण मला लाज वाटत होती. रानात फिरताना मी मुलांना कवंडळ दाखवले, तोडायला लावले, पण ते खायचे नसते हे सांगितले नाही. एकोणतीस वर्षांत कोणत्याच मुलाला ते सांगावे लागले नव्हते. आमच्याकडे ते कोणी सांगत नाही. चालायला लागलेल्या पोरालाही ते ठाऊक असते. पूनम आमच्याकडली नाही, हे मी विसरले. ती माझ्यासमोर ओसरीवर इतकी बसली होती की ती इथलीच वाटू लागली होती. याबद्दल मला जी शिक्षा द्यायची ती द्यावी. मी ती भोगीन आणि अर्ज करणार नाही.

८. पण शिक्षा त्याबद्दल झालेली नाही. त्रिसदस्यीय चौकशी समितीच्या छापील नमुन्यात 'घटनेचे कारण' या रकान्यात तीन पर्याय होते : नैसर्गिक आपत्ती, इमारतीतील दोष, स्वयंसेवकाचा निष्काळजीपणा. प्रशिक्षक, संस्था, पाठाची यादी यांना रकानाच नव्हता. ऊन पडले होते आणि छप्पर शाबूत होते, म्हणून तिसऱ्यावर खूण झाली.

९. त्यानंतर मला नोटीस आली की शाळेत आणलेल्या बावीस वस्तूंच्या खरेदीच्या पावत्या आठ दिवसांत सादर कराव्यात. वेलीने पावती दिली नाही असे मी कळवले. दुसरी नोटीस आली : कवंडळ हे फळ खाण्यायोग्य नसल्याचे सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र जोडावे, ते नसल्यास फळ खाण्यायोग्य होते असे गृहीत धरण्यात येईल. मी तीन कार्यालये फिरले. एका ठिकाणी म्हणाले, आम्ही पिकांचे बघतो, हे पीक नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, आम्ही झाडांचे बघतो, हा वेल आहे. तिसऱ्या ठिकाणच्या सद्गृहस्थांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, "बाये, हें सगळ्यांक खबर आसा, हाचें सर्टिफिकेट कोण दितलो?" त्यांचेच वाक्य मी उत्तरात उतरवून पाठवले. ते पुरावा म्हणून ग्राह्य धरलेले नाही. म्हणजे आज सरकारदरबारी कवंडळ खाण्यायोग्य आहे, पूनम विनाकारण आजारी पडली, आणि तरीही तिच्या आजाराला मी जबाबदार आहे.

१०. चित्रफीत मात्र तयार झाली. पूनमचे दुसरे चावणे तीत आहे, ओकणे नाही. साईशचा आवाज जिथे होता तिथे संगीत घातले आहे. संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात या चित्रफितीला 'तीन विषयांची उत्तम सांगड' म्हणून पहिले बक्षीस मिळाले. डिसेंबरमध्ये शाळेच्या फाटकाला फलक लागला. त्यावर पूनम आहे, दारापेक्षा मोठी, तांबडेलाल कवंडळ ओठांना लागलेले, आणि खाली 'आनंददायी शिक्षण'. भागीरथी रोज कामावर जाताना त्याखालून जाते. ती मला म्हणाली, "बाई, माझी पोरगी भिताडावर चढली बगा. आता वाचाय कवा शिकायची वो?"

११. तिचा हा प्रश्न मी आपल्याकडे पाठवत आहे. आदेशानुसार चौकशीचा अंतिम अहवाल येईपर्यंत मला शाळेच्या आवारात येण्यास, तसेच आवाराबाहेरही शाळेच्या विद्यार्थ्यांशी 'अध्यापनविषयक संपर्क' ठेवण्यास मनाई आहे. अहवाल चार महिने आलेला नाही. अकरा ते पावणेबारा या वेळेत आता मँडरिनचा जादा सराव असतो. समीक्षा बाईंचा नाइलाज आहे. त्या एकट्या चार इयत्ता सांभाळतात आणि दर शुक्रवारी संस्थेला छायाचित्रे पाठवतात. पूनमला तीस चिनी शब्द येतात. मराठीत ती पुन्हा 'घ' आणि 'ध' मध्ये अडकू लागली आहे.

१२. हे मला कसे कळले, हेही प्रामाणिकपणे सांगते, नाहीतर तोच माझ्याविरुद्ध पुरावा व्हायचा. नोव्हेंबरपासून शाळा सुटल्यावर पूनम माझ्या घराच्या दगडी गडग्याबाहेर सार्वजनिक रस्त्यावर उभी राहते आणि पुस्तक मोठ्याने वाचते. मी तिला बोलावलेले नाही. मी आत सोप्यावर बसलेली असते. एखाद्या शब्दापाशी ती अडते आणि थांबते. मग माझ्याकडे बघते. मी सुपारी कातरत बसते, मान वर करत नाही. ती तोच शब्द तीन-चार तऱ्हांनी म्हणून बघते, मग चुकीचा म्हणून पुढे जाते. चुकीचा शब्द रोज त्याच ठिकाणी येतो आणि रोज थोडा अधिक पक्का होतो. एकोणतीस वर्षांत मी मुलांना रागावले आहे, एकदा मारलेही आहे. पण अडलेल्या मुलापुढे गप्प बसले नव्हते. ते मला आपल्या आदेशाने शिकवले.

१३. सबब विनंती अशी की,
(अ) चौकशी पूर्ण करावी. निकाल माझ्याविरुद्ध गेला तरी चालेल, पण तो लागावा.
(आ) फाटकावरील फलक उतरवावा. तो उतरवेपर्यंत निदान त्यावर कवंडळ खाऊ नये एवढे लिहावे. शाळेत दरवर्षी बाहेरगावची मुले येतात.
(इ) मँडरिनचा तास बंद करू नये. मुलांना तो आवडतो. वाचनाला दुसरी पाऊण तासाची वेळ द्यावी, आणि मी नको असेन तर दुसऱ्या कोणाला तरी द्यावी.
(ई) वरीलपैकी काहीच शक्य नसेल, तर पूनम रस्त्यावर वाचत असताना अडली, की मला आतून तो एक शब्द सांगण्याची परवानगी मिळावी. दिवसाला किती शब्द, तेही आपण ठरवून द्यावे. मी जास्त सांगणार नाही.

आदेश मोडण्याची सवय नसलेली, आपल्या तालुक्यातील नम्र शिक्षिका,

(सही)
सुमंगला कृष्णनाथ गावस
खोलपेवाडा, दि. १२ जानेवारी २०२६

सोबत जोडले आहे :
१. दि. ३ सप्टेंबर २०२५ च्या आदेशाची प्रत.
२. आधीच्या चार अर्जांच्या पोचपावत्या.
३. मुख्याध्यापिकांच्या मूळ विनंतीपत्राची प्रत.
४. भागीरथी यांचे निवेदन. (त्यांना लिहिता येत नसल्याने अंगठा आहे.)
५. पूनमने भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे लिहिलेले एक पान. ते तिने गडग्यावर दगडाखाली ठेवले होते. त्यात अकरा चुका आहेत. त्या मला दिसल्या, पण त्यांना हात लावलेला नाही.