अजानपुरती थांबलेली धून

प्रिय सिसिलिया,

मी आणि लांबलचक पत्र! हसू नकोस. तू वसईला माहेरी जायचीस तेव्हा मी तुला दोन ओळी खरडायचो, त्यातली एक गॅसच्या सिलिंडरबद्दल असायची. आता तुला जाऊन वर्ष होत आलं, ईस्टरआधीचा उपासकाळ पुन्हा दाराशी आलाय, रियाधवर क्षेपणास्त्रं येतायत, आणि मी कागद घेऊन बसलोय. काल संध्याकाळी तुझ्या पियानोपाशी जे झालं, ते तुला नाही तर कुणाला सांगू?

तुझ्या पियानोची खोली आता आमची युद्धाची खोली आहे. विषारी वायूच्या भीतीने एक खोली बंदिस्त करा, असं सगळ्यांना सांगितलंय. तुझ्या त्या खोलीला एकच खिडकी, म्हणून तिचाच नंबर लागला. काचेवर प्लास्टिक, कडेने तपकिरी टेप, दाराच्या फटीत ओला टॉवेल. भोंगा वाजला की आपली लीना आणि मी आत, आणि खालच्या मजल्यावरचे करीमभाई आणि फातिमाभाभीही आत. तोंडाला मास्क लावले की आम्ही चौघे हत्तीच्या पिलांसारखे दिसतो. तू असतीस तर एवढ्यात मला सोंडेवरून काहीतरी नक्की ऐकवलं असतंस.

आणि कोपऱ्यात तो पियानो, झाकण मिटलेला. तू गेल्यापासून लीनाने त्याला हात लावला नव्हता. मीही कधी म्हटलं नाही. काय म्हणणार? मला सा कुठे आणि रे कुठे ते अजून कळत नाही.

तुझे ते एकोणिसाव्या शतकातले युरोपियन मला संगीतकार म्हणून कधी कळलेच नाहीत, शेजारी म्हणूनच कळले. कांदा चिरता चिरता तू त्यांच्या भानगडी सांगायचीस आणि मी त्यांना नावं ठेवायचो. पोलंडचा तो ‘खोकणारा’. राइन नदीत उडी टाकणारा ‘वेडा’. आणि वेड्याच्या बायकोवर जन्मभर मुकाट प्रेम करणारा दाढीवाला ‘ब्रह्मचारी’. मी म्हणायचो, “काय गं तुझी ही माणसं! एकाचाही संसार धड नाही.”

“नाहीच,” तू म्हणायचीस. “त्यांच्या आधीचे सगळे राजाच्या पदरी होते. राजाचे कपडे घालायचे, राजाच्या जेवणावेळी वाजवायचं. तुझ्या भाषेत सांगू? त्यांना कफील होता, तुझ्यासारखाच, पासपोर्ट ठेवून घेणारा मालक.”

“आणि यांना?”

“यांनी कफील सोडला. मग पोटाचे हाल झाले, पण मनातलं मोठ्याने बोलायची सोय झाली. पियानोही तेव्हाच दणकट झाला, आतून लोखंडाचा, आणि लोकांच्या दिवाणखान्यात शिरला. तोवर असं एकट्याने रडायची चैन कुणाला होती?”

संगीताचा अख्खा इतिहास इकाम्याच्या, इथल्या राहण्याच्या परवान्याच्या, भाषेत समजावणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मी त्यावर लेख पाडला आणि दिवाळी अंकात वाहवा घेतली. तुझं नाव घातलं नाही, हे तू कधी बोलून दाखवलं नाहीस. बोलायला हवं होतंस!

ब्रह्मचाऱ्याला मी सगळ्यात जास्त हसलो. जिच्यासाठी जन्म काढला ती गेली, आणि हा गडी चुकीच्या गाडीत बसला, तिच्या अंत्यविधीला उशिरा पोचला. “एक गाडी धड पकडता येत नाही, आणि म्हणे महान!” हे माझं वाक्य. आठवतं ना?

मग गेल्या उपासकाळात, तू माहेरी असताना, वसईहून तुझ्या भावाचा फोन आला. माझा पासपोर्ट कफीलकडे आणि कफील गावाला. देशाबाहेर पडायचा शिक्का मिळून मी पोचलो तेव्हा तुझ्यावरची माती सुकलेली होती. ब्रह्मचाऱ्याला निदान गाडी तरी मिळाली होती गं. त्या दिवसापासून मी त्याच्यावर एकही विनोद केलेला नाही.

तर, कालचं. दुपारी करीमभाई चहाला आले. बायकोला घेऊन ते जेद्द्याला निघालेत, तिकडे अजून शांत आहे. तिथून विमानं सुटतात.

“पोरीला आमच्यासंगती धाड, डॉमनिक,” ते म्हणाले. “जेद्द्याला माझा भाऊ आहे. तो तिला मुंबईच्या विमानात बसवून देईल. तू राहा तुझ्या बँकेत व्हाउचरं तपासत.”

मला पटलं. मी लीनाला हाक मारली. तुला माहीत आहे, ती आपल्या मराठीला इंग्लिशनेच उत्तर देते. काल मात्र तिने तीन भाषांत सुनावलं.

“नो, पप्पा. मम्मा वहाँ थी, तुम्ही इथे होतात. अब मैं वहाँ, आणि तुम्ही परत इथेच? सेम मिस्टेक?”

“अगं, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे.”

“ही ऑल्सो थॉट सो!”

“कोण?”

“तुमचा खोकणारा!”

तूच सांगितलेलं ना तिला? विशीत घर सोडून निघाला, थोड्या दिवसांसाठी. मागे देशात बंड पेटलं आणि परतीची वाट बंद झाली. शेवटी बहिणीने नेलं ते त्याचं नुसतं काळीज. मुलांना झोपताना लोक ससा-कासवाची गोष्ट सांगतात, सिसिलिया! मी चहाचे कप उचलून आत गेलो.

अंधारून येता येता, मगरिबची अजान होऊन गेल्यावर, भोंगा वाजला. आम्ही चौघे खोलीत शिरलो. फातिमाभाभी पुटपुटत दुआ म्हणत होत्या. लांबवर काहीतरी फुटलं आणि खिडकीवरचं प्लास्टिक आत-बाहेर झालं. आणि लीनाने मास्क न काढता पियानोचं झाकण उघडलं.

तीच वाजवली तिने, खोकणाऱ्याची रात्रीची धून. तू रोज दुपारी तिला शिकवायचीस ती. डावा हात झोका दिल्यासारखा, उजवा गाणारा. आधी अडखळली, मग वाट सापडली. धून अर्ध्यावर आली, आणि ती थांबली. हात उचलून मांडीवर ठेवले.

करीमभाईंनी टाळ्या वाजवल्या. “वा, बेटा! माशाल्ला!”

लीनाने मास्क खाली ओढला आणि शुद्ध मराठीत म्हणाली, “संपलं नाही अजून, काका.”

सिसिलिया, तो आवाज तुझा होता. ते वाक्यही तुझंच. सुरुवातीला मी त्याच जागी टाळ्या पिटायचो आणि तू मान न वळवता मला हेच ऐकवायचीस.

“मग थांबली का?” करीमभाईंनी विचारलं.

“तिथे थांबायचंच असतं. तसंच आहे ते.”

करीमभाई माझ्याकडे वळून म्हणाले, “अरे, ही तर असरच्या, दुपारनंतरच्या अजानची जागा. वहिनी वाजवता वाजवता अजान झाली की इथवर येऊन थांबायच्या. मी खाली ऐकायचो ना.”

खरंच! मशिदीतून अजान सुरू झाली की तू मध्येच तोडायची नाहीस. त्या मुक्कामापर्यंत धून नेऊन मांडीवर हात ठेवून बसायचीस. अजान संपली की पुढे. आपल्या पोरीला वाटतं, ती शांतता त्या पोलिश माणसानेच लिहिलीय! काल ना अजान होती, ना तू. तरी ती तेवढाच वेळ थांबली. त्या वेळात आम्ही कुणी हललो नाही. मला वाटलं, आता स्वयंपाकघरातून विचारशील, “चहा ठेवू का?”

मग तिने पुढचं वाजवलं, शेवटपर्यंत.

आज सकाळी मी कफीलकडे गेलो. रजेचा नाही, कायमचं परत जायचा शिक्का मागितला. दोघांचा. तो म्हणाला, “युद्धात नोकरी सोडतोस? मजनून!” म्हणजे वेडा. मी म्हटलं, माझ्या बायकोची सगळी माणसं तशीच होती. त्याला काही कळलं नाही, पण त्याने कागद पुढे ओढला. परवा आम्ही करीमभाईंच्या जीपमधून निघतोय. पियानो इथेच राहील. तू चिडशील, पण जीपच्या टपावर तो चढत नाही. करीमभाईंना विचारून पाहिलं.

वसईला तुझ्या चर्चमध्ये तो जुना ऑर्गन आहे, तू शिकलीस तो. फादरना विचारून लीनाला त्यावर बसवीन. ऑर्गनवर ही धून कशी वाजेल देव जाणे. आधी मात्र आम्ही दोघे तुझ्याकडे येऊ. या वेळी बरोबर गाडी पकडून.

आणि वचन देतो, तिला कुणीही सांगू दे की कागदावर तिथे थांबा नाही, मी तो काढू देणार नाही. ती हात मांडीवर ठेवील तेव्हा मी मागच्या बाकावर गप्प बसेन. टाळी वाजवणार नाही.

अजून न संपलेला,
तुझा डॉमनिक